विश्वासू, पण कोणाशी?

मराठी चर्चमध्ये प्रार्थना संपली की सगळे एका आवाजात ‘आमेन’ म्हणतात. गावच्या पारावर कोणी दिलेला शब्द फिरवल्याची गोष्ट निघाली, की लोक म्हणतात, ‘त्यानं इमान विकलं.’ या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण ते आहे, आणि सख्खे आहे. ‘आमेन’ हिब्रूतून आला. ‘इमान’ अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत उतरला. हिब्रू आणि अरबी या एकाच सेमिटिक कुळातल्या भाषा. दोन्हींत अ-म-न या तीन व्यंजनांचा एक धातू आहे. त्याचा अर्थ पक्के असणे, भार पेलणे, भरवशाचे ठरणे. विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ‘अमानत’ही त्याच धातूची.

गंमत अशी, की अरबीत ‘इमान’ म्हणजे मुख्यतः श्रद्धा. मराठीत येताना तो अर्थ मागे पडला आणि एकनिष्ठपणा, सचोटी एवढाच उरला. इमानी कुत्रा, इमानेइतबारे केलेली चाकरी, बेइमान माणूस. देवावर काय मानतो याच्याशी आपल्या इमानाचा संबंध राहिला नाही. दिल्या शब्दाला आणि खाल्ल्या मिठाला जागतो की नाही, एवढ्याशीच राहिला. ‘विश्वास ठेवणे’ आणि ‘विश्वासू असणे’ या दोन गोष्टी मराठीने अशा वेगळ्या केल्या. ख्रिस्ती परंपरेत त्या एकमेकींपासून सुटत नाहीत. बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीक भाषेत दोन्हींसाठी ‘पिस्तिस’ हा एकच शब्द आहे. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याच्या फळाचे जे गुण मोजले आहेत, त्यांत हाच शब्द येतो, आणि प्रचलित मराठी बायबलमध्ये तिथे ‘विश्वासूपणा’ असे भाषांतर केलेले आहे.

हा विश्वासूपणा म्हणजे नेमके काय, तो स्वामिनिष्ठेपेक्षा वेगळा कसा, आणि ज्याच्याशी विश्वासू राहायचे असे एकापेक्षा अधिक धनी समोर उभे राहिले तर काय करायचे, हे या लेखाचे विषय आहेत. शेवटच्या प्रश्नासाठी मी पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेतले आहे. त्यांच्यावर विश्वास मोडल्याचा आरोप एका बाजूने नव्हे, दोन्ही बाजूंनी झाला होता.

खांब, दाई आणि मोशेचे हात

हिब्रू धातूची लेकरे पाहिली की शब्दाची मूळ घडण कळते. जुन्या करारात याच धातूपासून बनलेला एक शब्द मंदिराच्या दाराच्या खांबांसाठी आला आहे, तर दुसरा मूल सांभाळणाऱ्या दाईसाठी. खांबावर छप्पर टेकते, दाईच्या कडेवर मूल. दोघांचे काम एकच, अंगावर आलेला भार खाली पडू न देणे.

याहून बोलके उदाहरण निर्गम या पुस्तकात आहे. अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे आणि मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की पीछेहाट. हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात, दोन्ही बाजूंना उभे राहून त्याचे हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. या ‘स्थिर’साठी हिब्रूत ‘एमुना’ हा शब्द आहे. हाच पुढे विश्वासूपणासाठी रूढ झाला. त्याचे हे पहिलेवहिले चित्र कोणा वीराच्या न डळमळणाऱ्या निर्धाराचे नाही. थकलेल्या म्हाताऱ्याचे हात आहेत, आणि ते दुसऱ्यांनी धरले आहेत म्हणून स्थिर आहेत.

विश्वासूपणा माणसाच्या एकट्याच्या बळावर उभा राहत नाही, हा विचार बायबलमध्ये सर्वत्र आहे. त्याचे कारण ‘करार’ या कल्पनेत आहे. आपल्याकडच्या स्वामिनिष्ठेची दिशा खालून वर जाते. चाकराने धन्याशी इमान राखायचे. बायबलच्या करारात पहिले पाऊल वरून पडते. देव शब्द देतो, लोक तो मोडतात, देव मात्र शब्द सोडत नाही. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात हे एका संसाराच्या गोष्टीतून सांगितले आहे. बायको घर सोडून जाते, आणि नवरा पंधरा शेकेल रुपे आणि काही मापे जव मोजून तिला परत आणतो. आजच्या वाचकाला या गोष्टीत बायकोची बाजू ऐकू येत नाही, हे खरेच. सांगणाऱ्याचा रोख मात्र नवऱ्याच्या हक्काकडे नसून त्याच्या न सोडण्याकडे आहे. माणसाचा विश्वासूपणा म्हणजे या न सोडण्याला दिलेले उत्तर. विटेवर अठ्ठावीस युगे उभ्या असलेल्या देवाची गोष्ट ज्यांच्या कानावर लहानपणापासून पडली आहे, त्या वाचकांना ही कल्पना फार परकी वाटू नये.

पुरून ठेवलेले रुपे

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. परदेशी निघालेला धनी तीन चाकरांकडे आपले धन सोपवतो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. तालांत हे नाणे नसून वजन होते. रुप्याच्या एका तालांताची किंमत सुमारे सहा हजार दिनार, आणि शेतमजुराची दिवसाची मजुरी एक दिनार. एक तालांत म्हणजे सुद्धा साध्या माणसाच्या जन्माची कमाई.

पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा जमिनीत पुरतो. धनी परत येतो तेव्हा पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला अगदी एकसारख्या शब्दांत शाबासकी मिळते. पाचवाल्याचे कौतुक एका अक्षरानेही जास्त नाही. फायद्याचा आकडा इथे मोजलाच जात नाही.

तिसऱ्याचे प्रकरण अधिक विचार करण्यासारखे आहे. त्याने अफरातफर केलेली नाही, एक दिनार खाल्लेला नाही. ठेव जशीच्या तशी परत आणली आहे. व्यवहारात आपण अशा माणसाला इमानदारच म्हणू. तरी दाखल्यात तो नालायक ठरतो. का, ते त्याच्याच बोलण्यात आहे. धनी कठोर आहे असे त्याने मनाशी ठरवले होते आणि त्या भीतीपायी ठेव पुरली होती. त्याचा धन्यावर विश्वास नव्हता. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी फार तर हिशेब चोख ठेवता येतो. विश्वासू राहता येत नाही. ‘पिस्तिस’चे दोन अर्थ या चाकराच्या गोष्टीत असे एकमेकांत अडकलेले आहेत. एक सुटला की दुसराही सुटतो.

जे डगमगले त्यांचे काय?

पहिल्या काही शतकांत बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्ती माणसाला ग्रीकमध्ये ‘पिस्तोस’ आणि लॅटिनमध्ये ‘फिदेलिस’, म्हणजे ‘विश्वासू’, असेच म्हणत. थडग्यांवरच्या लेखांतही नावापुढे हा शब्द कोरलेला आढळतो. पण ज्यांना हे नाव मिळाले ते सगळे तसे राहिले का?

इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डीसियसने फर्मान काढले, की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बली अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे काही दाखले इजिप्तच्या कोरड्या मातीत पपायरसवर टिकून राहिले आणि आज संग्रहालयांत आहेत. अर्जदाराचे नाव, गाव, आपण देवांना नेहमीच बली देत आलो आहोत आणि आताही अधिकाऱ्यांसमोर दिला असे निवेदन, खाली साक्षीदाराची सही. एखाद्या तहसील कचेरीतला कागद शोभावा असा हा मजकूर. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बली दिला. काहींनी बली न देता लाच देऊन नुसता कागद मिळवला.

छळ ओसरल्यावर ही मंडळी परत चर्चच्या दाराशी आली. आत घ्यायचे की नाही? रोममधल्या नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे पडले, की ज्याने एकदा नाकारले त्याला चर्चने परत घेऊ नये. चर्च ही शुद्धांची मंडळी आहे. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस यांनी दुसरी वाट धरली. पश्चात्तापाचा काळ, प्रायश्चित्त, आणि मग प्रवेश. सिप्रियन काही मऊ माणूस नव्हता. पुढे २५८ मध्ये नव्या छळात त्याने स्वतः शिरच्छेद पत्करला. तरीही डगमगलेल्यांसाठी त्याने दार बंद केले नाही.

डायोक्लिशियनच्या छळानंतर, ३०३ पासून पुढे, हाच वाद उत्तर आफ्रिकेत पुन्हा पेटला. ज्या धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले, त्यांनी दिलेली दीक्षा खरी की खोटी? डोनेटसच्या अनुयायांनी ती खोटी ठरवली. ऑगस्टीनने त्यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घातला. संस्काराचे खरेपण ख्रिस्ताच्या विश्वासूपणावर टेकले आहे, तो देणाऱ्या माणसाच्या विश्वासूपणावर नाही, असे त्याचे मत होते आणि चर्चने ते उचलून धरले.

या निवाड्यामुळे विश्वासूपणाचा अर्थ बदलला. एकही तडा नसलेले भांडे म्हणजे विश्वासू माणूस, ही व्याख्या मागे पडली. येशूला तीनदा नाकारणारा पेत्रच ज्या परंपरेत प्रेषितांचा पुढारी आहे, तिला ती व्याख्या परवडणारीही नव्हती. पडल्यावर परत येणे हाही विश्वासूपणाचा भाग धरला गेला. मोशेचे हात भरून आलेच होते.

रमाबाईंवरचे दोन आरोप

आता पंडिता रमाबाईंकडे वळू. त्यांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. त्या भीतीने डगमगल्या नाहीत. त्यांच्यावर हक्क सांगणारे एकाहून अधिक होते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेलेला, पदरी लहानगी मनोरमा. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. अपेक्षा अशी, की नव्याने दीक्षा घेतलेल्या स्त्रीने चर्चची शिकवण निमूटपणे स्वीकारावी. रमाबाईंनी तसे केले नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा कुमारीजन्म, चर्चचा अधिकार, सगळ्यांवर त्यांनी प्रश्न उभे केले. हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे सुचवले, तेव्हा त्यांनी ते साफ धुडकावले. पुरोहितांचे एक जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरे मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रांत राग आहे, त्याहून जास्त दुखावलेपण आहे. त्यांच्या दृष्टीने ही आज्ञाभंग करणारी, अहंकारी लेक होती.

दुसरा आरोप पुण्याचा. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदासदन सुरू केले. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च चालवण्याचे मान्य केले होते. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, कोणावर ख्रिस्ती शिक्षण लादले जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळता येतील, असा शब्द दिलेला होता. त्या शब्दावर भरवसा ठेवून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळात आले, आणि घरच्यांनी मुली पाठवल्या. १८९० मध्ये संस्था पुण्यात आली. रमाबाई मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. काहींना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटू लागली. बातमी फुटली, ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी मंडळ सोडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावले नाही. पण माझ्याच खोलीचे दार लावून माझ्या देवाची प्रार्थना चोरून करणार नाही. हे म्हणणे पटण्यासारखे आहे. पण पुण्याची बाजूही नुसत्या कर्मठपणाची म्हणून झटकून टाकता येत नाही. केशवपन झालेली, माहेर-सासर दोन्हींकडून नाकारलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी. तिला जगात पहिल्यांदाच मायेने वागवणारी बाई ज्या देवापुढे गुडघे टेकते, त्या देवाकडे ती ओढली जाणारच. अशा मुलीसाठी उघडे दार म्हणजे तटस्थ दार नव्हे. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, यांच्यासारख्या काही जणी तिथे शिकून हिंदूच राहिल्या, हे रमाबाईंच्या बाजूने सांगता येते. तरी रानड्यांसारख्या सहानुभूती असणाऱ्या माणसालाही शब्द पाळला गेला नाही असे वाटले, याचे वजन कमी होत नाही.

एकीकडे चर्च म्हणते, तू आमच्याशी विश्वासू नाहीस. दुसरीकडे समाज म्हणतो, तू आमचा विश्वासघात केलास. ख्रिस्ती विचारातले ठरलेले उत्तर असे, की अंतिम निष्ठा देवाशी. बाकी सगळ्या निष्ठा तिच्या खाली. उत्तर बरोबर आहे, आणि धोक्याचेही आहे. ‘मी देवाशी एकनिष्ठ आहे’ एवढे म्हणून माणसाला कोणताही शब्द मोडता येईल. इतिहासात तो तसा मोडलेलाही आहे. मग खरी निष्ठा आणि सबब यांतला फरक कसा ओळखायचा?

मला बायबलमध्येच याची एक कसोटी दिसते. लूकच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, की लहान गोष्टींत जो भरवशाचा ठरतो तोच मोठ्या गोष्टींत ठरतो. देवाशी असलेली निष्ठा आत कोणाला दिसत नाही. ती पारखायची तर हाती सोपवलेल्या लहान, मुक्या माणसांशी तो कसा वागतो ते पाहावे. खांब आणि दाई हे शब्द इथे पुन्हा आठवावेत.

या कसोटीवर रमाबाईंची पुढची वर्षे पाहण्यासारखी आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपले आईवडील ज्या भुकेने गेले तीच भूक तिथे होती. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी आणल्या. त्या उच्चवर्णीय नव्हत्या, शिकवून देणगीदारांना मिरवून दाखवाव्या अशाही नव्हत्या. त्यांतूनच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. आपल्याकडची एक मुलगी सरकारी प्लेग-व्यवस्थेच्या हाती गेल्यावर तिचे जे झाले, त्याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सरकारवर उघड टीका करणारे पत्र लिहिले. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे होते. एका पोरीसाठी त्यांचा रोष ओढवून घेताना रमाबाईंनी ते पाहिले नाही. १८९८ मध्ये बॉस्टनच्या असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली, तेव्हा जुन्या अटीच्या आडोशाला न राहता संस्था यापुढे उघडपणे ख्रिस्ती असेल हे त्यांनी जाहीर केले.

१८९३ चा प्रश्न याने पूर्ण सुटतो असे मी म्हणणार नाही. पण निष्ठेला सबब करणारा माणूस त्या निष्ठेची किंमत सहसा दुसऱ्याकडून वसूल करतो. रमाबाईंनी ती स्वतः भरली. आश्रयदाते गेले, पुण्यातली प्रतिष्ठा गेली, आणि ज्या मुलींचा भार घेतला तो टाकला नाही.

केडगावचा छापखाना

रमाबाईंनी १९०७ मध्ये ‘अ टेस्टिमनी’ हे छोटे आत्मनिवेदन प्रसिद्ध केले. बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. वाँटेजमध्ये ज्या बाईवर अविश्वासाचा ठपका आला, तिने प्रश्न विचारणे न सोडता, मठाची शिस्त न स्वीकारता, आपल्या वाटेने श्रद्धा गाठली. प्रश्न विचारणे ही निष्ठेतली फूट असतेच असे नाही. पुष्कळदा जो प्रश्न विचारत राहतो तो सोडून गेलेला नसतो.

त्यांच्या आयुष्यातले सर्वांत लांबलेले काम बायबलच्या भाषांतराचे. संस्कृतवर त्यांची हुकमत लहानपणापासूनची. या कामासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक हाती घेतल्या. तेव्हाचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, कमी शिकलेल्या बाईला ते कळत नाही, आणि त्यातले कित्येक शब्द हिंदू धर्मकल्पनांचे अर्थ सोबत घेऊन येतात, ही त्यांची तक्रार होती. मुक्ती सदनातल्या साध्या बायकांना वाचता येईल असे बायबल त्यांना हवे होते. मजकूर जुळवणे, छापणे, बांधणी, सगळे सदनातल्या स्त्रियाच करीत. काम पंधराहून अधिक वर्षे चालले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ऐकू कमी येत होते, शरीर थकले होते. तरी त्यांनी मजकूर तपासून पुरा केला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.

आज मराठी चर्चमध्ये ते भाषांतर वाचले जात नाही. तिथे बायबल सोसायटीचे चालते. रमाबाईंचे बायबल अभ्यासकांच्या कपाटात आहे. यशाच्या मापाने पाहिले तर इतक्या वर्षांच्या श्रमांचे फळ तसे तुटपुंजेच. पण दाखल्यातल्या धन्याने पाचवाल्याला आणि दोनवाल्याला एकाच शब्दांत शाबासकी दिली होती, आणि नापसंती दाखवली ती फक्त पुरून ठेवणाऱ्याला. रमाबाईंनी आपल्याकडे आलेले काही पुरून ठेवले नाही. आईने दिलेले संस्कृतही नाही, दुष्काळाची आठवणही नाही. केडगावच्या छापखान्यात ज्या मुलींनी खिळे जुळवले, त्यांतल्या कित्येक काही वर्षांपूर्वी भुकेने मरणार होत्या, आणि आता त्या स्वतःला वाचता येईल असे पुस्तक स्वतःच्या हाताने छापत होत्या.